फील्ड स्टेशनवर संशोधन आणि लोकांसाठीचे कार्यक्रम एकाच हंगामात कसे सांभाळावेत?

तुम्ही लिहिले आहे की विद्यापीठाच्या परिसंस्थाशास्त्राच्या फील्ड स्टेशनवर (निसर्गात राहून अभ्यास करण्याच्या केंद्रावर) तुम्हाला एका हंगामापुरते काम मिळाले आहे. तिथे स्वतःच्या संशोधनाखेरीज शाळांच्या भेटी आणि आसपासच्या रहिवाशांसाठीचे कार्यक्रमही तुमच्याकडे येणार आहेत आणि त्यात संशोधनाचा वेळ जाईल अशी तुम्हाला चिंता वाटते. अशा केंद्रावर मी आधी विद्यार्थी म्हणून राहिलो आणि पुढे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत आलो. माझे मत असे आहे की तुमचा संशोधनाचा प्रश्न आणि लोकांसाठीचा कार्यक्रम एकाच विषयावर बेतले, तर कार्यक्रमांचा तुमच्या संशोधनाला प्रत्यक्ष उपयोग होतो. मात्र ही आखणी तिथे पोहोचण्यापूर्वीच झालेली असावी, कारण हंगाम एकदा सुरू झाला की ती करायला उसंत मिळत नाही.

सुरुवात प्रश्नाच्या निवडीपासून करा. एका हंगामात स्वतंत्रपणे सिद्ध करता येईल असे निसर्गात फार थोडे असते, कारण ते वर्ष नेहमीपेक्षा कोरडे होते की ओले, कीटकांचे होते की नव्हते, हे त्या एका वर्षाच्या आकड्यांवरून कळत नाही. फील्ड स्टेशनची खरी संपत्ती इमारती किंवा उपकरणे नसून तिथल्या जुन्या नोंदी असतात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वायथम वनात ग्रेट टिट या पक्ष्याच्या विणीच्या नोंदी 1947 पासून ठेवल्या जात आहेत. घरट्यांसाठी लावलेल्या पेट्या, पहिल्या अंड्याची तारीख, अंड्यांची संख्या, पिल्लांच्या पायांतली कडी, असे हे काम पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातून पुढे गेले आहे. तिथे एकच वसंत ऋतू काम करणारा विद्यार्थीही आपले निरीक्षण सात दशकांहून अधिक काळाच्या मालिकेशी ताडून पाहू शकतो, आणि हवामान तापत गेले तशी वीण वर्षात लवकर होऊ लागली हे त्याच मालिकेतून समजले. म्हणून तुमच्या केंद्राकडे आधीच जुने आकडे, भूखंडांचे नकाशे आणि मोजणीची लिखित पद्धत मागून घ्या. आपला प्रश्न त्या मालिकेला जोडता येतो का, ते पाहा. मोजणीची पद्धत सुधारण्याचा मोह होईल, पण पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना तुटते. नवी पद्धत हवीच असेल तर काही भूखंडांवर दोन्ही पद्धतींनी मोजा.

विद्यार्थ्याच्या कामाला शास्त्रात किती किंमत असते, अशी शंका तुमच्या प्रश्नात कुठेतरी जाणवली, म्हणून रेमंड लिंडेमन यांचे उदाहरण देतो. मिनेसोटा विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी सीडर बॉग या लहान, गाळाने भरत चाललेल्या तळ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि वनस्पती, त्यांच्यावर जगणारे जीव आणि त्या जीवांना खाणारे जीव यांच्यातून ऊर्जा कशी पुढे जाते याचा हिशेब मांडला. त्यांचा लेख परीक्षकांनी आधी नाकारला होता. येल विद्यापीठातले शास्त्रज्ञ जॉर्ज एव्हलिन हचिन्सन यांनी पाठपुरावा केल्यामुळे तो 1942 मध्ये छापला गेला, आणि त्याच वर्षी, तो प्रसिद्ध होण्यापूर्वी, वयाची 27 वर्षे पूर्ण होण्याआधीच लिंडेमन यांचे निधन झाले. परिसंस्थाशास्त्रातल्या सर्वांत पायाभूत लेखांत आज त्याची गणना होते. एका तळ्यावर चिकाटीने काम करणाऱ्या विद्यार्थ्याने हे केले, याचा मला आजही फार आदर वाटतो.

आखणीतली एक चूक मात्र विद्यार्थ्यांच्या कामात वारंवार दिसते. समजा, चराईचा गवतावरचा परिणाम पाहायचा आहे; एका कुंपणाच्या आत वीस चौकटी (मोजणीसाठी आखलेले ठरावीक मापाचे जमिनीचे तुकडे) आणि बाहेर वीस चौकटी मोजल्या, तर त्या वीस स्वतंत्र पुनरावृत्ती ठरत नाहीत, कारण कुंपण एकच आहे आणि त्या जागेची मातीही एकच आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या दोषाकडे सविस्तर लक्ष वेधले होते. चौकटी कमी करा, पण कुंपणे वाढवा. तेवढी कुंपणे नसतील तर प्रश्नच बदला. याविषयी संख्याशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीशी पहिली चौकट टाकण्याआधी बोलावे, हंगाम संपल्यावर बोलून काहीच दुरुस्त होत नाही.

आता लोकांसाठीच्या कार्यक्रमाकडे वळतो. पडद्यावर चित्रे दाखवणे आणि मग पायवाटेने फिरवून आणणे हा प्रकार शक्यतो टाळा. आलेल्या मुलांना मोजायला द्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या हार्वर्ड फॉरेस्ट या केंद्रात जॉन ओकीफ यांनी 1990 पासून झाडांना पालवी कधी फुटते आणि पाने कधी रंगतात व गळतात याच्या नोंदी ठेवल्या, आणि त्याच पद्धतीवर आधारलेल्या उपक्रमात शाळकरी मुले आपल्या शाळेभोवतीच्या झाडांच्या नोंदी घेऊन केंद्राला पाठवतात. या मुलांना ठरावीक उत्तर शोधायचे नसते. उत्तर अजून कोणालाच माहीत नसते, आणि ते मुलांना पहिल्या तासाभरातच उमगते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सीडर क्रीक या फील्ड स्टेशनवरील स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या प्राण्यांच्या छायाचित्रांचे वर्गीकरण सर्वसामान्य लोक संगणकावर करतात. तिथे एकच छायाचित्र अनेकांनी पाहायचे असते, त्यामुळे एखाद्याची ओळख चुकली तरी ती लक्षात येते.

हेच तत्त्व तुमच्या चौकटीलाही लागू करता येईल. एकाच चौकटीतली रोपे मुलांच्या दोन गटांना एकमेकांना न सांगता मोजायला लावा, आणि तीच चौकट तुम्हीही मोजा. आकडे जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत, काठावरचे रोप धरायचे की सोडायचे, दोन खोडे म्हणजे दोन झाडे का, ही चर्चा मुलांसाठी शास्त्राचा उत्तम धडा असते आणि तुमच्यासाठी मोजणीतल्या संदिग्धतेची परीक्षा असते. लिखित पद्धतीत एखादी जागा मोघम असेल तर दहा वर्षांचे मूल ती हमखास शोधून काढते. मात्र ही मोजणी प्रयोगाच्या भूखंडात कधीही करू नये. पायांखाली माती दबते, रोपे मोडतात, आणि त्या परिणामाची नोंद कुठेच राहत नाही. शेजारी, प्रयोगाच्या भूखंडासारखाच तयार केलेला एक प्रात्यक्षिकाचा भूखंड आखून घ्या. घरट्यांच्या आणि दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागा पाहुण्यांना दाखवू नका, आणि मुलांची छायाचित्रे घेण्यापूर्वी शाळेची व पालकांची परवानगी घ्या.

आसपासचे रहिवासी आले तर बोलण्याऐवजी ऐकण्याला अधिक वेळ ठेवा. ओढा शेवटचा कधी आटला, आग कुठून आली होती, एखादे झुडूप कधीपासून पसरू लागले, हे केंद्राच्या वह्यांत नसलेले तपशील त्यांच्याकडे असतात. सांगणाऱ्याच्या संमतीने ते तारखेसह लिहून ठेवा, पण मोजलेल्या आकड्यांत मिसळू नका.

वेळेचे म्हणाल तर पक्ष्यांची पाहणी पहाटे आणि सकाळीच होते, म्हणून भेटी दुपारनंतर ठेवाव्यात. तुमच्या मोजणीच्या ऐन आठवड्यांत भेट घेणार नाही, हे केंद्रप्रमुखांकडून आधीच मान्य करून घ्या. वाहन, प्रथमोपचार आणि मुलांची जबाबदारी कोणाकडे, हेही लेखी असावे. शेवटचे काही दिवस मोकळे ठेवा, कारण आकड्यांच्या फायली, प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकके, गाळलेले दिवस आणि भूखंडांची स्थाने हे सारे केंद्राच्या संग्रहात देण्याला वाटते त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच दिवसांत मुलांनी मोजलेल्या आकड्यांचा एक आलेख आणि सोप्या भाषेतले एक पान तयार करून प्रत्येक शाळेला पाठवा. ते पाठवल्यानंतरच केंद्र सोडा.