वाचक विचारतात : ओढ्याच्या तोंडाशी पोहावं का?

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्या पोहण्याच्या ग्रुपला दिवाळीच्या सुट्टीत समुद्रात सरावासाठी कोकणात नेतात. गेल्या वर्षी परत आल्यावर चार पोरांना जुलाब-उलट्या झाल्या. पोरं उतरतात तिथून जवळच गावचा ओढा समुद्राला मिळतो. यंदा आम्ही पालकांनी वर्गणी काढून पाणी तपासून घेतलं. रिपोर्टात 'एन्टेरोकोकाय : १०० मिलिलिटरमध्ये १८०' एवढंच लिहिलंय. पोराला पाठवावं का?
– एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : त्या ओढ्यापाशी पाठवू नका. समुद्रालाच नको, असं मात्र मी म्हणणार नाही.

एन्टेरोकोकाय हे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले जीवाणू. चार पोरं आजारी पडली ती बहुधा यांच्यामुळे नव्हे. पण हे सापडले म्हणजे पाण्यात मैला आलाय, आणि मैल्याबरोबर जुलाबाचे, काविळीचे विषाणूही येऊ शकतात. खाऱ्या पाण्यात ई. कोलाय या आतड्यातल्याच दुसऱ्या जीवाणूपेक्षा हे जास्त तग धरतात, म्हणून समुद्रात यांची मोजणी करतात.

आता १८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत ४१ ते २०० ही दुसरी पायरी आहे. तिथे पोहणाऱ्या शंभरांपैकी एक ते पाच जणांचं पोट बिघडू शकतं. हे वाचून हायसं वाटेल, पण ती पायरी एका बाटलीवरून ठरत नाही. पुष्कळ नमुने घ्यायचे आणि शंभरातले पंच्याण्णव ज्या आकड्याच्या आत बसतात, तो आकडा धरायचा. तुमची बाटली एकच. ती भरतीला भरली की ओहोटीला? सकाळी की भर दुपारी? उन्हानं जीवाणू मरतात, विषाणू त्यामानानं जास्त टिकतात. म्हणजे दुपारच्या नमुन्यात आकडा कमी आला तरी धोका तेवढा कमी झालेला नसतो.

शिवाय या टक्केवारीमागे ब्रिटनच्या चार किनाऱ्यांवर १९८९ ते १९९२ मध्ये केलेले प्रयोग आहेत. त्यात पाण्यात उतरवलेली माणसं निरोगी आणि प्रौढ होती. तुमचा मुलगा बाराचा. जलतरण तलावात पोहणाऱ्यांच्या एका अभ्यासात पाऊण तासात मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेलं, मोठ्यांच्या १६. मुलं दुपटीहून जास्त पाणी गिळतात, हे सराव घेणाऱ्यांना जरूर सांगा.

मी पाठीला डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकले, पुढे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना घेऊन जयंती नाला नदीला मिळतो तिथे जायचे. एक बाटली नाल्याच्या वरच्या अंगाला भरायची, एक खालच्या. नदी तीच, सकाळ तीच, आणि दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्या पाण्यातले जीवाणू वाढवलेल्या बशा बघून पोरं गप्प व्हायची. तुमच्या ओढ्याचंही तसंच असणार, म्हणून जागा बदलण्याचा आग्रह धरा. ओढ्यापासून लांब, प्रवाह ओढ्याचं पाणी ज्या दिशेला नेतो त्याच्या उलट अंगाला उतरायचं.

दिवाळीच्या सुमाराला परतीचा पाऊस असतो. जोराची सर आली की गावातली सगळी घाण वाहून समुद्रात येते. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवस पाण्यात जाऊच नये. रिपोर्टाच्या भरवशावर राहू नका. हे जीवाणू बशीत वाढवून मोजायला एक दिवस लागतो, त्यामुळे आज उतरायचं तर आजचं उत्तर हातात नसतं.

पुन्हा वर्गणी निघाली तर एकाच जागी पैसे घालवू नका. ओढ्याच्या तोंडाशी आणि सरावाच्या नव्या जागी, दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी सकाळी ओहोटीला नमुने घ्या. बाटली निर्जंतुक हवी. ती बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. आकडे आले की भरण्याची वेळ आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहून मला पाठवा, मी बघते.