नाभिनीलेची ‘विकृती’ की ‘रचनाभेद’?

गरोदरपणातील सोनोग्राफीच्या अहवालातील ‘परसिस्टंट राइट अम्बिलिकल व्हेन’ (गर्भाची उजवी नाभिनीला टिकून राहणे) या निदानासाठी ‘उजव्या नाभिनीलेची जन्मजात विकृती’ ही शब्दयोजना योग्य ठरेल का, असा प्रश्न आहे. ‘जन्मजात’ चालेल, मात्र त्याचा अर्थ ‘आनुवंशिक’ असा होत नाही. माझी खरी हरकत आहे ती ‘विकृती’ला.

आधी ‘नाभिनीला’विषयी. नीला म्हणजे अशुद्ध रक्ताची वाहिनी, हा शाळेत घोटून घेतलेला धडा येथे लागू पडत नाही, कारण नाळेतील ही एकुलती एक नीला वारेकडून (प्लॅसेंटाकडून) गर्भाकडे प्राणवायूयुक्त रक्त आणते आणि वारेकडे अशुद्ध रक्त नेण्याचे काम दोन रोहिण्या करतात. वाहिनीचे नाव रक्ताच्या दिशेवरून ठरते. हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला, त्यामुळे हा शब्द निर्दोष आहे.

गर्भात आरंभी डावी आणि उजवी अशा दोन नाभिनीला असतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास उजवी विरून जाते आणि डावी उरते. क्वचित उजवीच टिकते, म्हणून ‘टिकून राहिलेली उजवी नाभिनीला’ हे नेमके वर्णन होय. काहीजण सुचवतात तो ‘चिरस्थायी’ मुळीच नको. नाळ कापल्यावर नाभिनीला बंदच पडायची असते.

अशा गर्भाच्या पोटाच्या आडव्या छेदात नीला जठराच्या दिशेने वळलेली दिसते, आणि एरवी तिच्या उजवीकडे असणारे पित्ताशय तिच्या व जठराच्या मध्ये आलेले असते. बहुतेक वेळा ही नीला यकृतातूनच जाते आणि इतर अवयव व्यवस्थित असतील तर बाळाला सहसा त्रास होत नाही. अशा स्थितीला ‘विकृती’ म्हणून आईबापांच्या जिवाला घोर लावण्यापेक्षा ‘रचनाभेद’ म्हणणे अर्थानेही अधिक काटेकोर आहे. याउलट ती यकृताला वळसा घालून थेट अधोमहाशिरेला (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे आणणाऱ्या मोठ्या नीलेला) किंवा हृदयाच्या उजव्या कर्णिकेला मिळत असेल, तर ‘डक्टस व्हेनोसस’ ही नाभिनीलेतील रक्त अधोमहाशिरेकडे नेणारी जोडवाहिनी बहुधा नसते, हृदयावर ताण येऊ शकतो आणि इतर दोषही सोबत आढळतात. तेथे ‘विकृती’ किंवा ‘रचनादोष’ खुशाल वापरावा.

नाभिनीलेच्या ‘व्हॅरिक्स’साठी कोणी ‘गाठ’ लिहितात, तेही टाळावे. तेथे वाहिनीचा एक भाग रुंदावलेला असतो, त्यामुळे ‘फुगवटा’ हा साधा शब्द पुरेसा आहे.