फणसाच्या फळीचं जेवणाचं टेबल

प्रश्न : चिपळूणच्या घरामागचा फणस वादळात पडला. सॉ मिलमधून 7 फूट लांब, 34 इंच रुंद, अडीच इंच जाड फळी कापून आणली, त्याला दोन महिने झाले. पुण्याच्या घरासाठी सहा जणांचं टेबल करायचं आहे. एका टोकाला चीर गेली आहे. सुतार म्हणतात, लोखंडी पाय आत्ताच घट्ट आवळून टाकू, म्हणजे फळी वाकणार नाही. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात नको. फळी अजून ओली आहे. हवेत वाळायला इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं, म्हणजे तुमच्या फळीला अडीच वर्षं. घाई असेल तर सीझनिंगची भट्टी असलेल्या वखारीत द्या. वाळताना लाकूड रुंदीत आक्रसतं. लोखंडाला जखडलेली फळी आक्रसू शकली नाही, की फाटते.

घरी वाळवणार असाल तर साल आधी काढा, कीड तिच्याखालीच वाढते. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ, पण कडेच्या पांढुरक्या लाकडाला भुसा पाडणारी कीड लागते. म्हणून 1 लिटर कोमट पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन-तीन हात द्या. हे लाकूड ओलं असतानाच करायचं. ओलीबरोबर औषध आत झिरपतं, वाळलेल्या लाकडात वरच राहतं. मग दोन्ही टोकांना ऑइल पेंटचे दोन जाड हात. टोकांतून ओल फार वेगाने जाते, तुमची चीर त्यामुळेच पडली.

आता फळी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. खाली दर दीड फुटाला सारख्या जाडीच्या पट्ट्या आणि वर वजन. मॉइश्चर मीटरवर 12 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत रंधा लावू नका. शेवटचा महिना-दीड महिना पुण्याच्या घरातच ठेवा, कारण कोकणात वाळलेली फळी पुण्याच्या उन्हाळ्यात आणखी वाळते.

सपाट करायला दोन समांतर रुळांवर सरकणारा राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं विजेचं यंत्र) वापरा. डुगडुगणाऱ्या कोपऱ्यांखाली आधी पाचरी मारा. एकाच बाजूने सगळं काढलं तर फळी पुन्हा वाकते. दोन्हीकडून थोडं थोडं काढा, मध्ये आठवडाभर थांबा. शेवटी दोन इंच जाडी उरली तरी उत्तम.

चिरेवर शिसवीची डमरूच्या आकाराची पट्टी आडवी बसवा. तिचे रेषे चिरेला काटकोनात हवेत आणि खोली फळीच्या निम्म्यापर्यंत. उरलेल्या फटीत इपॉक्सी (दोन द्रव मिसळले की कडक होणारं भरण) भरा. रेझिन आणि हार्डनर अंदाजाने नव्हे, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. जाड थर एकदम ओतला तर तापतो, बुडबुडे धरतो.

पायांसाठी 2 इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाईप. फळीची वरची बाजू जमिनीपासून 30 इंचांवर, पाय दोन्ही टोकांपासून फूटभर आत. आता सर्वांत महत्त्वाचं : उन्हाळा ते पावसाळा एवढ्या रुंदीची फळी पाव इंचापर्यंत हलू शकते असं धरून चाला. म्हणून पायांच्या वरच्या पट्टीला गोल भोक पाडू नका. फळीच्या रुंदीच्या दिशेने पाऊण इंच लांबट भोक पाडा, 8 मिमीचा बोल्ट रुंद वॉशरसह लावा आणि हाताला घट्ट लागेल एवढाच आवळा. मधला बोल्ट मात्र गोल भोकातच राहू दे, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते. दोन पायांच्या मध्ये फळीखाली आडवा लोखंडी चॅनल बसवणार असाल, तर त्यालाही हाच नियम.

प्रश्न : अशा टेबलाला मेलामाइन पॉलिश चालेल का?

उत्तर : जेवणाच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच घ्या. गरम पातेलं आणि सांडलेलं पाणी मेलामाइनपेक्षा ते चांगलं सोसतं, तरी पातेल्याखाली आसन ठेवाच. 80, 120, 180 नंबरच्या सँडपेपरने क्रमाने घासा, मधला टप्पा गाळला तर ओरखडे पॉलिशखाली ठळक दिसतात. सीलरचे (खालचा, रंध्रं बुजवणारा थर) दोन आणि टॉपकोटचे (वरचा थर) दोन हात. खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. बरेच जण तिथे एकच हात मारतात, आणि मग पावसाळ्यात खालून जास्त ओल शिरून फळी वाटीसारखी वाकते. हे काम कोरड्या दिवसांत करा. पावसाळी दमट हवेत पॉलिशवर पांढुरकी झाक येते. फणसाचा पिवळा रंग उजेडात काही महिन्यांत तपकिरी होतो, तेव्हा रंग जुळवायला स्टेन लावू नका.