शीर्षकातला ‘प्रश्न’ खोड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण ‘जपानमधल्या कोरियन लोकांचा प्रश्न’ हे शीर्षक आधी खोड. त्या एका शब्दापायी तू प्रत्येक चित्रपटात फक्त हाल शोधत बसलीस.

इतिहास चार ओळींत आटप. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. पोटासाठी आलेले, जबरदस्तीने आणलेले, असे लाखो लोक जपानात पोहोचले, आणि १९५२ मध्ये त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. त्यांना म्हणतात ‘झाइनिची’, म्हणजे ‘जपानात राहणारे’. नातवंडं तिथेच जन्मली, तरी शब्द भाडेकरूचाच.

दिग्दर्शक ओशिमाचा ‘डेथ बाय हँगिंग’ (१९६८) तुला जड गेला. विनोदी म्हणून बघ. फाशी देऊनही ‘आर’ नावाचा कोरियन कैदी मरत नाही, फक्त स्मृती जाते. मग तुरुंगाचे साहेब त्याला त्याचं घर नाटक करून दाखवतात. म्हणजे कोरियन घर कसं असतं, याबद्दल त्यांच्या डोक्यात जे भरलंय ते. आर विचारतो, कोरियन म्हणजे काय? साहेबांची त्रेधा उडते. ओशिमा स्वतः जपानी. त्याने हसं जपान्यांचं केलं, हे बरं केलं. पण आर शेवटपर्यंत एक अक्षरच राहतो, हेही लिही.

दिग्दर्शक योइची साई मात्र झाइनिची घरातला. त्याच्या ‘ऑल अंडर द मून’ (१९९३) मधला टॅक्सीवाला बायकांना बिनदिक्कत थापा मारतो. आणि जन्मभर हेटाळणी सोसलेल्या त्याच्या आईला फिलिपिनो सून नको असते! तुझ्या टिपणात या आईला एक ओळही नाही. का गं?

सगळ्यात जास्त जागा यांग योंग-हीला दे. तीही झाइनिची, स्वतःच्याच घरावर माहितीपट करणारी. वडील ओसाकातले उत्तर कोरियानिष्ठ संघटनेचे पुढारी. १९५९ ते १९८४ या काळात साधारण ९३,००० लोक जपानातून उत्तर कोरियात गेले. त्यांत तिचे तिन्ही भाऊ. वडिलांनीच पाठवले. ‘डियर प्योंगयांग’ (२००५) मध्ये ती त्याच वडिलांशी गप्पा मारत, त्यांची चेष्टा करत चित्रण करते. कॅमेरा घरातल्या लेकीच्या हातात असल्यावर बाप असा बोलतो.

‘सूप अँड आयडिऑलॉजी’ (२०२१) मध्ये आई अख्ख्या कोंबडीच्या पोटात लसूण ठासून भरते आणि तासन्‌तास शिजवत ठेवते. कोणासाठी? जपानी जावयासाठी, जो या घरात चालणारच नव्हता. पुढे तोच जावई तिच्यासाठी ते सूप करतो. तोवर तिची स्मृती विरत चाललेली असते, आणि १९४८ मध्ये कोरियातल्या जेजू बेटावर जे हत्याकांड तिने अठराव्या वर्षी पाहिलं, त्याची गोष्ट तिने नुकती कुठे सांगितलेली असते.

तू लिहिलंस, ‘हे दृश्य लांबलंय.’ पुन्हा बघ. या वेळी संवाद सोड, हात बघ. आणि ते वाक्य ठेवायचंच असेल, तर कारण लिहून रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका