हात लावला की बाळ अंग आखडतं, म्हणजे त्याला मी नकोय का?

ही बाई माझ्याकडे आली तेव्हा बाळ 7 आठवड्यांचं होतं, जन्मलेलं तिसाव्या आठवड्यात, बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत काढलेले. आल्या आल्या पहिलं वाक्य, "मॅडम, मी गालावरून बोट फिरवलं की तो हात झाडतो, पाय ताणतो, तोंड वाकडं करतो. त्याची स्पर्शाची जाणीव अर्धवट राहिली का, का मला ओळखतच नाही?" कुठेतरी तिने वाचलेलं की पोटातले शेवटचे आठवडे चुकले की स्पर्शाचं ज्ञान कायमचं कच्चं राहतं. असं लिहिणाऱ्यांना एकदा समोर बसवायला पाहिजे, खरंच.

मी तिला म्हटलं, कातडीतलं सामान फार आधी तयार होतं हो. फ्रीडरिश मेर्केल या जर्मन शास्त्रज्ञाने 1875 मध्ये ज्यांना 'स्पर्शपेशी' म्हटलं त्या मेर्केल पेशी गर्भाच्या तळहात-तळपायाच्या कातडीत साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यातच दिसायला लागतात, आणि बोटांच्या ठशांच्या रेषा जिथे उठतात तिथे खाली या पेशी गोळा झालेल्या असतात. या पेशी मज्जातंतूंकडून कातडीत येतात असं बरीच वर्षं मानत होते, पण 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की त्या कातडीच्याच पेशींपासून तयार होतात, मज्जातंतू येऊन त्यांना जोडले जातात. हलका दाब ओळखायला त्यांच्यात पायझो2 नावाचं प्रथिन असतं, ते शोधणाऱ्या आर्डेम पटापौटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. ओठांभोवती तर सात-आठ आठवड्यांच्या गर्भालाही हलकंसं काही लागलं तर तो हलतो. अर्थात हलणं म्हणजे कळणं नव्हे, मेंदूपर्यंतच्या जोडण्या बऱ्याच नंतर, शेवटच्या काही महिन्यांत होत जातात.

म्हणजे तिसाव्या आठवड्यात कातडी तयार होतीच, कच्चं होतं ते आलेल्या संदेशांचा गोंधळ आवरणं. त्यात पेटीत असताना त्याला झालेला बराचसा स्पर्श म्हणजे सुया, चिकटपट्ट्या, नळ्या. एवढ्याशा जिवाला बोट फिरवणं गुदगुल्यांसारखं नाहीतर टोचल्यासारखं वाटू शकतं, त्यात नकार कसला?

मग तिथेच बसून तिच्याकडून करून घेतलं. हात आधी एकमेकांवर चोळून गरम केले, मग फिरवणं, थोपटणं काही नाही, एक तळहात डोक्यावर आणि एक दुमडलेल्या पायांवर, दाब हलका पण ठाम, आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा बाळाचा पंजा उघडला, पाचही बोटं ताठ. ती लगेच हात काढायला गेली, मी म्हटलं थांबा. थोड्या वेळाने बोटं एकेक करून मिटली, श्वास जरा लांब झाला. ती रडायला लागली, पण हात हलवला नाही. (घरी छातीशी कातडीला कातडी लावून धरणं, ते कांगारू केअर म्हणतात ना, ते डॉक्टरांना विचारून करा असंही सांगितलं. आणि बाळ सतत ताठ राहत असेल किंवा एकच बाजू कमी हलवत असेल तर माझ्याकडे नाही, आधी बालरोगतज्ज्ञांकडेच जायचं.)

चार दिवसांनी रात्री मेसेज आला, "झोपलाय, माझा हात बधिर झालाय, काढू का?"

काढा म्हटलं, पण एकदम उचलू नका, आधी पायावरचा.