पुराच्या पाण्यात जाणाऱ्या घराची दुरुस्ती करायला कंत्राटदार मिळत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तीन जण घर बघून गेले, दर कुणीच दिला नाही आणि आता फोनही उचलत नाहीत. आमच्या सांगलीच्या घराचं अगदी हेच झालं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोका पातळी ४५) आणि आमच्या घरात साडेचार फूट पाणी. ओसरल्यावर गणपती तोंडावर, सगळ्या गल्लीला एकाच वेळी गवंडी हवा. चार महिने मी नुसता फोन करत होतो.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खरं कारण सांगितलं. त्यांनी भिंतीवर नख ओढलं, लोणा (ओलीने भिंतीवर येणारा खारट थर) पिठासारखा खाली पडला. म्हणाले, "साहेब, उद्या परत पाणी आलं की तुम्ही माझीच कॉलर धरणार. कोण घेईल हे काम?"

मी सगळ्यांना "पाणी आत येऊ देऊ नका" असं सांगत होतो. ती हमी कुणीच देऊ शकत नाही. बाहेर चार फूट पाणी उभं राहिलं की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ७०० किलोचा रेटा येतो. जुनी विटांची भिंत त्यात कलू शकते. म्हणून आता काम असं सांगा: पाणी येणार हे मला मान्य आहे, ते गेल्यावर घर धुऊन आठवड्यात राहता आलं पाहिजे. मी हे वहीच्या कागदावर लिहून सही करून दिलं, तेव्हा मिस्त्री तयार झाले.

दुसरं, "सगळं घर करून द्या" म्हणू नका. तुकडे पाडा. आमच्याकडे पाणी दारातून यायच्या आधी संडासाच्या भांड्यातून वर आलं होतं. बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवणं हे प्लंबरचं एका दिवसाचं काम, त्याला माणूस लगेच मिळतो. वायरमनकडून सगळे बोर्ड पूररेषेच्या वर घ्या आणि खालच्या मजल्याला वेगळा एमसीबी (वीज तोडणारा खटका) लावा. प्लायवूडच्या ट्रॉल्या परत करू नका, फुगून दारं उघडत नाहीत. कडाप्प्याचे उघडे कप्पे बरे.

प्लास्टरची मात्र घाई नको. फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. ओल्या भिंतीवर सिमेंट प्लास्टर केलं की ओल आत कोंडते आणि वर्षभरात पोपडे सुटतात. आमची भिंत फेब्रुवारीत वाळली. जो माणूस ही तपासणी न करता लगेच प्लास्टर धरतो, त्याला काम देऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

पैशाचं म्हणाल तर उचल फक्त मालापुरती द्या, मजुरी झालेल्या कामाचं माप घेऊन. सगळी रक्कम आधी घेऊन गेलेला एक फरशीवाला मला परत दिसला नाही.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, घरात दोन फूट. गाळ ओला असतानाच पाइपने धुतला, वायरमनने तपासून वीज जोडली आणि सहाव्या दिवशी आई तिच्या खोलीत झोपली.