फौजींच्या गाडीला वेगळा नंबर मिळतो का?

प्रश्न : माझे पती सैन्यात हवालदार असून सध्या जोधपूरला आहेत. फॅमिली क्वार्टर मिळाल्यावर त्यांच्या नावावरची एमएच-११ ची पेट्रोल कार आम्ही तिकडे नेली, त्याला १४ महिने झाले. परवा पोलिसांनी अडवून राजस्थानचा नंबर घ्यायला सांगितलं. इकडे गावी धाकट्या दिरांनी मोटारसायकलला लाल पाटी लावून त्यावर ‘आर्मी’ लिहून घेतलं, त्यांना चलन आलं. फौजींच्या घरच्यांना वेगळा नंबर मिळतो म्हणे. तो घेतला तर दोन्ही कटकटी मिटतील का? सासरे निवृत्त सुभेदार आहेत, त्यांना मिळेल का?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही ऐकलंय तसा ‘फौजी नंबर’ खासगी गाडीला आपल्याकडे मिळत नाही. वर टोक असलेला बाण आणि त्यापुढे आकडे अशी पाटी तुम्ही छावणीत पाहत असाल. ती संरक्षण खात्याच्या मालकीच्या गाड्यांची. जवानाच्या स्वतःच्या गाडीलाही ती लावता येत नाही, मग घरच्यांची गोष्टच सोडा. तुमच्या कामाची आहे ती ‘बीएच’ म्हणजे ‘भारत’ मालिका. राज्य बदललं तरी हा नंबर बदलावा लागत नाही. ती मानाची नसून बदलीच्या सोयीची आहे.

आधी जोधपूरचं बघू, कारण घाई तिथे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. पोलिसांनी अडवलं म्हणून तेवढ्यावर गाडी बेकायदा ठरत नाही. मुदत कधी सुरू झाली, हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. गाडी छावणीत कधी आली, याची गेटवरची नोंद किंवा पास युनिटकडून मिळवा. फास्टॅगचं स्टेटमेंट काढा, त्यात गाडी कुठल्या तारखेला कुठल्या नाक्यावरून गेली ते येतं. मधे सुट्टीला गाडी गावी आणली असेल तर तेही त्यात दिसेल. मुद्दा म्हणून तो मांडता येईल, पण आठ दिवसांच्या सुट्टीवर फार भिस्त ठेवू नका.

आता रस्ते दोन. एक म्हणजे साताऱ्याच्या आरटीओकडून एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन राजस्थानचा नंबर. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागेल. तिथला कर भरायचा आणि महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या करातल्या उरलेल्या काळाचा परतावा इकडे मागायचा. पुढची पोस्टिंग आसामला लागली की पुन्हा तेच दळण.

दुसरा रस्ता बीएच. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. सैन्यदलांतले लोक, केंद्र-राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकरदार यांना ती ऐच्छिक आहे. सुरुवातीला फक्त नव्या गाडीला मिळायची. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुना नंबरही बीएचमध्ये बदलता येतो. अर्ज राहत्या ठिकाणी किंवा नोकरीच्या ठिकाणी करता येतो. सोबत ओळखपत्र आणि युनिटचा सेवा दाखला द्यायचा. काही कार्यालयं जुन्या गाडीचं नाव काढलं की हात वर करतात. तिथे वाद घालत बसू नका. अर्ज देऊन पोच घ्या, नकार असेल तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर बरीच कामं आपोआप हलतात.

कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के हा दर धरून त्यातला दोन वर्षांचा हिस्सा काढतात. डिझेलला २ टक्के जास्त. तारीख विसरलात तर दंड चढत जातो, तेव्हा मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा. नंबर संगणक देईल तो. पसंतीचा आकडा मिळणार नाही.

हवालदारसाहेबांची नोकरी अजून बरीच असेल, तर मी बीएचच घ्या म्हणेन. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असतील, तर मात्र आधी दोन्हीकडचा कराचा हिशेब मांडून बघा.

सासऱ्यांसाठी हा खटाटोप करू नका. सेवेत असल्याचा दाखला ते आणणार कुठून? त्यांना आता बदलीही नाही, साधा एमएच नंबर पुरे. त्यांनी कधी आनेवाडीच्या नाक्यावर माजी सैनिक म्हणून टोलमाफी मागितली असेल, तर तीही निवृत्तांना नाही. १९०१ च्या टोल कायद्यातली सवलत कर्तव्यावर असलेल्यांना आहे. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या शौर्यपदकांच्या मानकऱ्यांना राष्ट्रीय महामार्गांवर ओळखपत्र दाखवून सूट मिळते, ती वेगळी.

दिरांचं प्रकरण लहान दिसतं, पण मला काळजी त्याचीच आहे. नंबर प्लेटवर नंबराशिवाय दुसरं काही लिहायचं नसतं आणि रंगही आपल्या मनाचा चालत नाही. हा झाला वाहन कायद्याचा भाग, तो दंडावर भागतो. पण सैनिक नसताना सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तशी खूण मिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘भाऊ फौजेत आहे’ हा बचाव होत नाही, उलट चौकीत तेच वाक्य अंगाशी येऊ शकतं. दिरांना सांगा, ती पाटी आजच उतरवा, एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षा नंबर प्लेट) बसवून घ्या आणि ई-चलन वेळेत भरून पावती जपून ठेवा. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलंच, तर जबाब देण्याआधी तिथल्या वकिलाला सोबत न्यावं.